पंच्याऐंशी वेढे

आमच्या धंद्यात एक नियम आहे. मोजताना बोलायचं नाही. मोटरीची कॉइल भरायला बसलं, फर्म्यावर, म्हणजे साच्यावर, तारेचे वेढे पडायला लागले, की दारात गिऱ्हाईक येऊ दे, फोन वाजू दे, नाहीतर छप्पर डोक्यावर येऊ दे. तोंडात मिठाची गुळणी धरायची, हँडलवरचा हात उचलून तळवा दाखवायचा, म्हणजे ‘थांबा’, आणि मोजणं पुढे चालू. शेवटचा वेढा पडला, तार कापली, गाठ मारली, की मग बोला काय बोलायचं ते. एरवी मी बोलण्यात कोणाला हार जाणारी नाही. हिच्या नाकावर राग आणि जिभेवर उत्तर कायम तयार, असं माझी सासू म्हणायची, आणि ते तिने कौतुकाने म्हटलेलं नव्हतं. पण मोजताना मी मुकी.

हा नियम उस्तादांनी घातला. उस्ताद म्हणजे आमच्या वर्कशॉपचे मालक. बावीस वर्षांपूर्वी मी त्यांच्याकडे झाडू मारायला लागले आणि सहा महिन्यांत झाडू कोपऱ्यात ठेवून तार हातात घेऊन बसले. पहिल्याच वर्षी पाणीपुरवठ्याच्या पंपाची मोटर माझ्याकडे आली. पंच्याऐंशी वेढ्यांची कॉइल. अर्ध्यात असताना कोणीतरी विचारलं, “किती वाजले?” मी म्हटलं, “साडेचार.” तिसऱ्या दिवशी मोटरीतून धूर आला आणि दोन गल्ल्या दोन दिवस पाण्यावाचून राहिल्या. उस्ताद ओरडले नाहीत. त्यांनी ती जळकी कॉइल माझ्यापुढे ठेवली आणि उलगडून मोजायला लावली. ब्याऐंशी भरली. “साडेचार वाजले होते ना?” एवढंच म्हणाले. तेव्हापासून मी कानाला खडा लावला.

तर आता उस्तादांची नजर गेली. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली, तरी बारीक तार दिसेना. भिंतीवर त्यांचं वाइंडरचं, म्हणजे मोटर भरणाऱ्याचं, सर्टिफिकेट टांगलेलं आहे. इतकी वर्षं मोटर मी भरायची आणि शिक्का त्यांचा पडायचा. मग नवा नियम निघाला: ज्याचा हात त्याचंच सर्टिफिकेट. शिक्का नसेल तर पाणीपुरवठा खातं मोटर देणार नाही, हॉस्पिटल देणार नाही, आणि आमचं निम्म्याहून जास्त काम तिथलंच. उस्ताद म्हणाले, “पास झालीस तर वर्कशॉप तू चालव. नाही झालीस तर शेजारचा फर्निचरवाला गोदामासाठी जागा मागतोय, त्याला हो म्हणतो. मला आता पाटी सांभाळायची ताकद नाही.” परीक्षा दोन महिन्यांवर. सकाळी लेखी, दुपारी हातकाम, आणि हातकाम चालू असतानाच तोंडी. तोंडीला वीस गुण, दहाच्या खाली गेलात की सगळंच नापास.

हातकामाची मला फिकीर नव्हती. मी पुस्तक आणलं आणि पहिलं पान उघडलं. पहिलाच धडा, अणूची रचना. बावीस वर्षं मी तांब्याबरोबर काढली, पण त्याने एकदाही अणूचं नाव काढलं नव्हतं. तीन संध्याकाळी मी तो धडा वाचला. पालथ्या घड्यावर पाणी. चौथ्या संध्याकाळी पुस्तक भिंतीवर आपटलं.

“ताईला विचार की,” आमचे हे म्हणाले.

हे टपालखात्यात आहेत. दिवसभर लोकांची पत्रं वाटायची आणि घरी आलं की आमचे निरोप. कारण ह्यांची थोरली बहीण, माझी नणंद, आमच्याच घरात वरच्या खोलीत राहते आणि तिचं माझं विळ्याभोपळ्याचं सख्य. तिने लग्न केलं नाही. चौतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, शाळेच्याच क्वार्टरमध्ये राहिली, आणि निवृत्त झाल्यावर आमच्याकडे आली. सगळं गाव तिला ‘बाई’ म्हणतं. आली ती वर चढली, स्वतःची शेगडी मांडली, स्वतःचं वेगळं शिजवायला लागली. जणू माझ्या हाताला वार्निशचा वास येतो आणि तो तिच्या जेवणाला लागेल.

त्याआधीचीही एक गोष्ट माझ्या मनात होती. निवृत्तीच्या आठवड्यात एक दिवस ती वर्कशॉपच्या दारात येऊन उभी राहिली होती. मी मोजत होते. काहीतरी बोलली असावी. मी हात वर केला. गाठ मारून वळते तर दार रिकामं. दोन मिनिटं थांबवलं नाही बाईंना! काय काम होतं ते मी विचारलं नाही. मी का विचारू? ज्याला गरज असेल तो सांगेल. त्या गोष्टीला अकरा वर्षं झाली.

पण गरज आता माझी होती. ह्यांनी निरोप वर नेला आणि खाली आणला. “उद्या सहाला ये म्हणाली. वही आण. आणि पेन्सिलीला टोक काढून आण.”

मला वाटलं होतं, ती टोमणे मारेल. तिने मारले नाहीत. तिने सुईदोऱ्याचा डबा उघडला, टेबलावर मध्ये बटणांचा एक ढीग घातला आणि भोवती दोऱ्याची चार वर्तुळं मांडली.

“हा तांब्याचा अणू. मधलं हे केंद्रक. यात एकोणतीस प्रोटॉन, त्यांचा भार धन. शिवाय न्यूट्रॉन, त्यांना भार नाही, ते नुसते वजन देतात.”

“आमच्या फर्निचरवाल्यासारखे,” मी म्हटलं.

ती हसली नाही. मोहरीएवढे मणी घेऊन दोऱ्यांवर ठेवत गेली. “हे इलेक्ट्रॉन. यांचा भार ऋण. प्रोटॉन जितके, इलेक्ट्रॉन तितकेच, म्हणून अणू एरवी शांत असतो. पहिल्या कक्षेत दोन. दुसरीत आठ. तिसरीत अठरा. किती झाले?”

मोजायचं म्हटलं की माझं डोकं आपोआप चालतं. “अठ्ठावीस. एक उरला.”

“तो एक चौथ्या कक्षेत. सगळ्यात बाहेर. केंद्रकाची त्याच्यावरची पकड सैल.”

मी त्या एकट्या मण्याकडे पाहिलं आणि जीभ आवरली नाही. “म्हणजे तुमच्यासारखा. वरच्या मजल्यावर, एकटा, वेगळी चूल मांडून.”

बोलून गेले आणि मलाच चटका बसला. तिने तो मणी बोटाने दोऱ्यावर नीट बसवला. मग म्हणाली, “तो एकटा आहे म्हणूनच वीज वाहते. ते आतले अठ्ठावीस घर सोडत नाहीत. हा एकच या अणूवरून त्या अणूवर जातो. तांब्याचं सगळं मोठेपण याच्यामुळे. लिहून घे.”

मी लिहून घेतलं.

त्या दिवसापासून रोज सहा ते सात. मला हळूहळू कळायला लागलं की मी जे हातांनी करत होते त्याला पुस्तकात कारणं आहेत. तारेवरचं वार्निश खरवडलं गेलं तर शॉर्ट होतं, हे मला पहिल्या महिन्यापासून माहीत. पण का? कारण वार्निशमध्ये असा भटका इलेक्ट्रॉन नाही, तिथले सगळे घट्ट धरून ठेवलेले. बारीक तार लवकर तापते. का? अरुंद वाटेत गर्दी आणि धक्काबुक्की. असं काही समजलं की मला तडक वर्कशॉपमध्ये जाऊन एखाद्या मोटरीची माफी मागावीशी वाटायची.

आणि एक गंमत माझ्या लक्षात आली. चौतीस वर्षं वीज शिकवलेली ही बाई विजेला घाबरत होती. खोलीतला दिवा लावायचा तर लाकडी फूटपट्टीने बटण दाबायची. इस्त्री ह्यांच्याकडून प्लगमध्ये घालून घ्यायची. मी पाहिलं तेव्हा मला इतकं हसू आलं की पदर तोंडात कोंबावा लागला.

“हस,” ती म्हणाली. “शाळेत आमच्याकडे टॉर्चचे सेल होते. दीड व्होल्ट. त्यापुढची वीज मी फक्त फळ्यावर पाहिली आहे.”

ती मला आवडायला लागली, त्याची सुरुवात इथून झाली असावी.

भांडण मात्र एकदा झालंच, आणि ते दिशेवरून. ती म्हणाली, प्रवाह धनाकडून ऋणाकडे जातो असं आपण मानतो, पण इलेक्ट्रॉन ऋणाकडून धनाकडे जातात.

“म्हणजे उलटं?”

“उलटं. लोकांनी दिशा ठरवली तेव्हा इलेक्ट्रॉन कोणाला माहीतच नव्हता. अंदाज बांधला. पुढे इलेक्ट्रॉन सापडला तेव्हा कळलं, अंदाज उलटा होता. तोवर सगळी पुस्तकं, सगळी गणितं तशीच झाली होती. मग तशीच ठेवली.”

माझं टाळकं फिरलं. “एकदा चुकीचं धरलं आणि चूक कळल्यावरही तसंच चालवत राहिले? इतकी शिकलेली माणसं?”

“गणित बिघडत नाही त्याने. दोन्ही बाजूंनी सगळे एकच चूक धरून चालले की काम होतं.”

“होतं, पण उलटंच होतं ना!” मी म्हटलं. “कोणीतरी एकाने उठून विचारायचं होतं.”

पेन्सिलीला टोक होतंच, तरी बाई पुन्हा काढत बसली.

मग आलं ते माझं मोठं अडणं. तिने सांगितलं की मोटरीत जेवढा प्रवाह जातो तेवढाच बाहेर येतो. मी म्हटलं, शक्य नाही. मोटर वीज खाते. सगळी दुनिया म्हणते, ही मोटर जास्त वीज खाते, तो दिवा कमी खातो. खाल्लेलं बाहेर कसं येईल? तिने पाण्याचा नळ सांगितला, सायकलची साखळी सांगितली. साखळी चाकाला जोर देऊन परत येते, एकही कडी कमी होत नाही. मी मान हलवली, पण नंदीबैलासारखी. तिला ते कळलं.

“तुमच्याकडे प्रवाह मोजायचं काही असेल ना?” तिने विचारलं.

“क्लॅम्प मीटर आहे. तारेभोवती चिमटा धरला की अँपियर दाखवतो.”

“मग मला दाखव.”

विजेला फूटपट्टी लावणारी बाई वर्कशॉपमध्ये यायला निघाली! दुसऱ्या दिवशी दुपारी मी पुढे आणि ती मागे. मी आत गेले, दिवे लावले, वळून बघते तर ती दारातच उभी. पाऊल उंबऱ्याबाहेर. मला वाटलं, तारांना घाबरली.

“या ना आत,” मी म्हटलं. “चावत नाही काही.”

“येऊ?” तिने विचारलं.

“आता काय आमंत्रणपत्रिका पाठवू? ह्यांच्या टपालाच्या बॅगेतूनच पाठवावी लागेल.”

तेव्हा कुठे ती आत आली.

अर्ध्या एचपीची एक मोटर टेबलावर तयार होती. मी तिची वायर सोलून आतल्या दोन तारा वेगळ्या केल्या, मोटर चालू केली, एका तारेभोवती चिमटा धरला. चार पूर्णांक दोन. दुसऱ्या तारेभोवती धरला. चार पूर्णांक दोन. मी मीटर झटकला, पुन्हा धरला. तेच.

“आता दोन्ही तारा एकत्र धर,” ती म्हणाली.

ते धरायची गरजच नव्हती. दोन्ही एकत्र धरल्या की मीटर शून्य दाखवतो, हे आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल. नवखा माणूस तसं करतो आणि मीटर बिघडला म्हणून ओरडतो, आणि आम्ही त्याला हसतो. बावीस वर्षं मी हसत होते आणि शून्य का येतं हे एकदाही विचारलं नव्हतं. जेवढा जातो तेवढाच येतो, एकमेकांना पुसून टाकतात, म्हणून शून्य. माझ्या अंगावर काटा आला. खरं सांगते, मला रडू येईल की काय असं वाटलं.

“मग मोटर खाते काय?” मी विचारलं.

“ऊर्जा घेते. इलेक्ट्रॉन नाही. आणि ते इलेक्ट्रॉन फार लांब जातही नाहीत. आपल्या घरच्या विजेत ते जागच्या जागी पुढेमागे डुलतात. तू भरलेल्या मोटरीतले तिथेच आहेत अजून.”

“पंपातलेसुद्धा? दहा वर्षांपूर्वीच्या?”

“तिथेच असणार. जाणार कुठे?”

मी मोटर बंद केली. मग तिला म्हटलं, “आता चालू तुम्ही करा.” ती हिरव्या बटणाकडे बघत राहिली. पर्समध्ये फूटपट्टी होती, मला दिसत होती. तिने डोळे मिटले, बोट पुढे केलं आणि दाबलं. मोटर फिरली. बाईच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते मी अकरा वर्षांत पाहिलं नव्हतं.

मला एक कॉइल संध्याकाळपर्यंत द्यायची होती, म्हणून मी भरायला बसले. ती इकडेतिकडे बघत होती. मध्येच तिने काही विचारलं. मी हात वर केला आणि मोजत राहिले. थोड्या वेळाने उस्ताद मागच्या खोलीतून आले, त्यांनीही काहीतरी विचारलं, त्यांनाही हात. गाठ मारून वळते तर बाई स्टुलावर बसलेली, चष्मा काढून हातात धरलेला.

“तू सगळ्यांनाच असा हात दाखवतेस?”

“मोजताना दाखवते. आम्ही मोजताना बोलत नाही. उस्ताद आले तरी नाही.”

“म्हणजे काय त्याचा अर्थ?”

“थांबा. झालंच. दुसरा काय असणार?”

“आणि हे कधीपासून?”

“पहिल्या वर्षापासून.”

तिने चष्मा घातला. “बरं,” म्हणाली, आणि घरी जायला उठली. वार्निशच्या वासाने गरगरलं असेल असं मला वाटलं. मी तिला रिक्षा करून दिली.

परीक्षेचा दिवस आला. तंत्रशाळेच्या मोठ्या हॉलमध्ये बारा टेबलं, प्रत्येकावर फर्मा आणि तारेचं रीळ. अकरा टेबलांवर मिसरूड फुटलेली मुलं, मधल्या एका टेबलावर मी. सकाळची लेखी झकास गेली होती. अणू काढा म्हटलं होतं, मी चार वर्तुळं काढून सगळ्यात बाहेर तो एक ठिपका जरा मोठाच काढला. दुपारी फळ्यावर लिहिलेलं वाचलं आणि हसूच आलं: पंच्याऐंशी वेढ्यांची कॉइल भरा.

मी भरायला लागले. तोंडी घेणारे साहेब टेबलामागून टेबल पुढे येत होते. हातात कागद, मुलांना प्रश्न विचारायचे, मुलं हात चालवता चालवता उत्तरं द्यायची. मी एक्केचाळिसावर असताना ते माझ्यापुढे येऊन उभे राहिले.

“तांब्याच्या अणूत शेवटच्या कक्षेत इलेक्ट्रॉन किती?”

बेचाळीस. माझा हात आपोआप वर गेला. तळवा साहेबांच्या नाकासमोर. यालाच म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

“हात काय दाखवता? उत्तर माहीत नाही का?” त्यांचा आवाज चढला. त्रेचाळीस. “बरं, प्रवाहाची दिशा आणि इलेक्ट्रॉनची दिशा एकच, की उलट?” चव्वेचाळीस. पंचेचाळीस.

उत्तरं सगळी माझ्या ओठांवर होती. एक शब्द पुरला असता. पण त्या ओठांना मी ओळखते. एक शब्द म्हणून सुरुवात झाली की ती साडेचारपर्यंत जाते. आणि समोरची तार मला परीक्षेची दिसतच नव्हती, ती मला पंपाचीच दिसत होती. आपण नापास होतोय, वर्कशॉप जातंय, पाटी उतरतेय, हे मला अगदी स्पष्ट कळत होतं. सत्तेचाळीस.

“तिसरा आणि शेवटचा,” साहेब म्हणाले. “प्रवाह दिव्यातून गेल्यावर कमी होतो का?”

अठ्ठेचाळीस. एकोणपन्नास.

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढे गेले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण पाण्याने मोजणं चुकत नाही. ऐंशी. त्र्याऐंशी. पंच्याऐंशी. मी तार कापली, गाठ मारली, कॉइल फर्म्यावरून उतरवली आणि उभी राहिले. साहेब चार टेबलं पुढे, माझ्याकडे पाठ करून.

“साहेब,” मी म्हटलं, आणि माझा आवाज मुळातच लहान नाही. “पहिल्याचं उत्तर: एक. दोन, आठ, अठरा आणि बाहेर एक, त्याच्यावर केंद्रकाची पकड सैल, म्हणून तांब्यातून वीज वाहते. दुसऱ्याचं: उलट. प्रवाह धनाकडून ऋणाकडे मानतात, इलेक्ट्रॉन ऋणाकडून धनाकडे जातात. आधी अंदाज चुकला, मग कोणी बदलला नाही. तिसऱ्याचं: कमी होत नाही. जेवढा जातो तेवढाच येतो. दिवा ऊर्जा घेतो. खात्री करायची असेल तर दोन्ही तारा एकत्र क्लॅम्प मीटरमध्ये धरा, शून्य येईल.”

अकराही मुलांचे हात थांबले. साहेब सावकाश परत आले.

“मघाशी विचारलं तेव्हा का नाही बोललात?”

“मोजत होते.”

“तीन उत्तरांना वेळ कितीसा लागला असता?”

“वेळ नसता लागला, साहेब. वेढा गेला असता. वेढा गेला की मोटर जाते. उत्तराचं काय, उत्तर मागाहूनही देता येतं.”

मग त्यांनी माझी कॉइल उचलली, स्टूल ओढलं आणि पेन्सिलीच्या टोकाने एकेक तार मोजायला लागले. मोजता मोजता एका मुलाने विचारलं, “सर, वेळ किती उरलाय?” साहेबांनी त्याच्याकडे न बघता हात वर करून तळवा दाखवला.

मी ओठ चावून उभी राहिले.

“पंच्याऐंशी,” ते शेवटी म्हणाले. कागदावर लिहिलेल्या शून्यावर रेघ मारली आणि शेजारी अठरा लिहिले. दोन गुण कशाचे कापले हे मी विचारलं नाही. आवाजाचे असतील. सर्टिफिकेट तीन आठवड्यांनी टपालाने आलं आणि ह्यांनीच आणलं. स्वतःच्या घराची बेल वाजवून, माझी सही घेऊन. पण ते पुढचं. त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं.

मी घरी आले ती चपला काढून थेट वर गेले. निरोप-बिरोप काही नाही. बाई खिडकीशी बसली होती, मला बघून उभी राहिली. मी सगळं सांगितलं, साहेबांचा आवाज काढून, हात वर करून, साग्रसंगीत. ती पोट धरून हसली. आणि मग मी मोठ्या ऐटीत म्हटलं, “तेव्हा मी त्यांना सांगितलं, उत्तराचं काय, उत्तर मागाहूनही देता येतं.”

तिचं हसू थांबलं. ती खाली बसली.

“किती मागाहून?” तिने विचारलं. “अकरा वर्षं चालतील?”

“कसली अकरा वर्षं?”

“मी निवृत्त झाले तेव्हा तुझ्या वर्कशॉपमध्ये आले होते. दारात उभं राहून तुला एक विचारलं होतं. तू हात वर केलास.”

“मी मोजत होते.”

“ते मला परवा कळलं. तेव्हा मला वाटलं, तू ‘जा’ म्हणालीस.”

मी तिच्या पलंगावर बसले. “काय विचारलं होतंत?”

ती दाराकडे बघत म्हणाली, “विचारलं होतं, मी तुमच्यात राहायला आले तर तुला चालेल का? घर भावाचं होतं, तो हो म्हणणारच होता. पण स्वयंपाकघर तुझं. म्हणून आधी तुला विचारायला आले होते. आणि तू हात दाखवलास. दुसरीकडे जायला मला जागा नव्हती, म्हणून आले. पण तुला नको आहे असं धरून वर राहिले, माझं मी करत राहिले. तुला त्रास नको म्हणून.”

मला आधी राग आला. असा राग की काय सांगू. तिचा, माझा, त्या कॉइलचा. “दोन मिनिटं थांबायचं होतं!” मी ओरडले. “नाहीतर नंतर विचारायचं! अकरा वर्षांत एकदा!”

“तू तरी कुठे विचारलंस, का आला होतात म्हणून?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडे, जिच्या जिभेवर उत्तर कायम तयार असतं. मग मला रडू फुटलं, आणि ते मोजताना येतं तसं नव्हतं, चांगलं मोठ्याने. आम्ही दोघींनी एकाच चुकीवर केवढं मोठं गणित करून ठेवलं होतं! एक उठून विचारती तर संपलं असतं.

बाईने मला रडू दिलं. शाळेत मुलं रडायची तेव्हा देत असेल तसं. मग हळूच म्हणाली, “मोजून झालं का?”

“झालं,” मी नाक पुसत म्हटलं.

“मग राहू?”

“राहा,” मी म्हटलं. “आणि ती शेगडी मी आत्ता खाली नेणार आहे.”

खालून ह्यांची हाक आली, “अगं, ताईला विचार, ती जेवली का!”

“तूच सांग ह्यांना,” मी बाईला म्हटलं, आणि तिला ‘तू’ म्हटलं हे मला शेगडी उचलल्यावर कळलं. तिने दारात जाऊन खाली ओरडून सांगितलं, “नाही जेवले अजून, येते.” मग परत फिरून तिने खोलीतला दिवा बोटाने बंद केला आणि माझ्या मागोमाग जिना उतरली.